इलेक्ट्रिक बस, तार की मेट्रो? 'तुलनात्मक अभ्यास' लिहिण्याआधी एवढं वाचा

पेटची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींचे सिनॉप्सिस हल्ली माझ्याकडे वाचायला येतात. वाहतूक हा विषय असेल तर दहातल्या सहा शीर्षकांचा शेवट ठरलेला असतो: '...एक तुलनात्मक अभ्यास'. डिझेल बस आणि इलेक्ट्रिक बस, एक तुलनात्मक अभ्यास. बस आणि मेट्रो, एक तुलनात्मक अभ्यास. आत एक तक्ता असतो. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे, खाली निष्कर्ष.

मी हसत नाहीये, कारण माझाही पहिला सिनॉप्सिस असाच होता. त्या तक्त्यात एक चूक होती. ती सापडायला मला आठ महिने लागले. ती चूक तुम्ही करू नये म्हणून हा लेख. विषय शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचं विद्युतीकरण हा आहे, पण 'दोन गोष्टींची तुलना करायची म्हणजे नक्की काय करायचं' हा प्रश्न तुमच्याही विषयात येणारच आहे.

आधी थोडा इतिहास, कारण हा विषय नवीन नाही

'इलेक्ट्रिक वाहतूक' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गेल्या पाचसात वर्षांतल्या बस येतात. पण मुंबईत विजेवर चालणारी ट्राम १९०७ साली सुरू झाली आणि १९६४ पर्यंत धावली. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला ही विजेवरची लोकल १५०० व्होल्ट डीसीवर सुरू झाली. १९६२ ते १९७१ या काळात मुंबईत ट्रॉलीबसही होती. म्हणजे रबरी टायरची, रस्त्यावरून चालणारी, पण डोक्यावरच्या दोन तारांमधून वीज घेणारी बस. 'बेस्ट' या नावातला 'ई' हा इलेक्ट्रिकचाच, आणि 'टी' आधी ट्रामवेजचा होता, नंतर ट्रान्सपोर्टचा झाला. एकच संस्था वीजही देते आणि बसही चालवते, हे उदाहरण आपल्या घरातलं आहे.

हे सांगायचं कारण असं की विजेवर बस चालवता येते का, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच सुटला. आजचा प्रश्न वेगळा आहे: वीज गाडीपर्यंत कुठे, कधी आणि किती वेगाने पोचवायची? सगळे पर्याय या एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत.

१. रात्री डेपोत चार्ज करा, दिवसभर बॅटरीवर पळवा.
२. बॅटरी लहान ठेवा आणि प्रत्येक फेरीच्या टोकाला थोडं थोडं चार्ज करा.
३. मार्गाच्या काही भागावर तार टाका. बस तारेखाली चालता चालता चार्ज होईल, उरलेला भाग बॅटरीवर काढेल.
४. पूर्ण मार्गावर तार किंवा तिसरा रूळ ठेवा: ट्राम, मेट्रो, लोकल.
५. विजेपासून हायड्रोजन बनवा आणि तो गाडीत भरा.

आता माझी चूक सांगते.

'किलोमीटरला किती युनिट' या आकड्याने मला कसं फसवलं

मी एक मार्ग घेतला होता. आकडे सोपे करून सांगते. एका बाजूने १५ किमी, बस दिवसाला सहा पूर्ण फेऱ्या करते, म्हणजे १८० किमी. बसची बॅटरी ३०० युनिटची (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, आपल्या वीजबिलावरचंच युनिट). बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून वापरता येणारी ८० टक्के धरली: २४० युनिट.

गाडी ओढायला किलोमीटरला ०.८ युनिट. एसी, दिवे, कॉम्प्रेसर वगैरेंसाठी १० किलोवॉट. सरासरी वेग मी ताशी २० किमी धरला. तासाला १० युनिट, तासात २० किमी, म्हणजे एसीचे किलोमीटरला ०.५ युनिट. एकूण १.३. गुणिले १८०, बरोबर २३४ युनिट. २४० मध्ये बसलं! मी आनंदाने लिहून टाकलं: 'एक डिझेल बस काढून एक इलेक्ट्रिक बस लावता येते.'

प्रगती अहवालाच्या वेळी मॅडमनी तक्ता पाहिला आणि एवढंच विचारलं, "ताशी वीस? कुठल्या रस्त्यावर, गं?"

मग मी टर्मिनसवर तीन दिवस वही घेऊन उभी राहिले. बस सुटल्याची वेळ, पोचल्याची वेळ. दिवसाचा सरासरी वेग निघाला ताशी साडेबारा किमीच्या आसपास. आता तेच गणित पुन्हा करा. एसी किलोमीटर मोजत नाही, तास मोजतो. बस सिग्नलला उभी असली तरी एसी चालूच असतो. १० युनिट भागिले १२.५ किमी म्हणजे किलोमीटरला ०.८. एकूण १.६ युनिट. २४० भागिले १.६ बरोबर १५० किमी.

हवे होते १८०. कमी पडले ३०. आणि ३० किमी म्हणजे बरोबर एक फेरी: रात्रीची शेवटची. ज्या बसने हॉस्पिटलची दुसरी पाळी संपवून नर्सताई घरी जातात, दुकानं बंद करून पोरं जातात, ती फेरी माझ्या तक्त्यातून गायब झाली होती, आणि माझा निष्कर्ष मात्र 'यशस्वी' होता.

यातून दोन गोष्टी शिका. एक, 'प्रति किलोमीटर' या एककात दोन वेगळ्या जातीचे खर्च लपलेले असतात: काही अंतरावर अवलंबून, काही वेळेवर. ते वेगळे मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन, आणि ही जास्त महत्त्वाची: मी तुलना बसची बसशी करत होते. करायला हवी होती वेळापत्रकाची वेळापत्रकाशी.

तुलनेचं एकक काय?

प्रवाशाला बस नको असते, वेळेवर पोचणं हवं असतं. म्हणून योग्य प्रश्न असा: 'हेच वेळापत्रक, एवढेच प्रवासी, पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत, प्रत्येक पर्यायाने पुरं करायला काय काय लागेल?' संशोधनाच्या भाषेत याला कार्यात्मक एकक म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ एवढाच.

हे एकक धरलं की पर्याय आपोआप बोलू लागतात. शंभर बसचा डेपो घेऊ. रोज १८,००० किमी धावायचे आहेत. एक बस १५० किमीच करू शकत असेल तर १०० च्या जागी १२० बस लागतील. वरच्या वीस बसची किंमत, त्यांची पार्किंगची जागा, त्यांचे चालक हे सगळं या पर्यायाच्या खात्यात टाका. मधूनच बस डेपोत आणून चार्ज केली तर जादा बस कमी लागतील, पण डेड किलोमीटर वाढतील. म्हणजे प्रवासी नसताना नुसतंच डेपोपर्यंत जाणं-येणं. तेही खात्यात टाका.

पर्याय पहिला: मोठी बॅटरी, रात्रीचं चार्जिंग

सगळ्यात सोपा आणि आज भारतात सर्वात जास्त दिसणारा. पुण्यात पीएमपीएमएलने २०१९ पासून याच पद्धतीने बस आणल्या, भेकराईनगर हा त्यातला सुरुवातीचा डेपो. चीनमधल्या शेन्झेनने २०१७ च्या अखेरीस सोळा हजारांहून अधिक बसचा सगळा ताफा इलेक्ट्रिक केला, तोही मुख्यतः बॅटरीवर. रस्त्यावर काहीच बांधावं लागत नाही, मार्ग बदलला तरी चालतं.

आमच्या मार्गाला २८८ युनिट लागतात. ८० टक्केच वापरायची तर ३६० ची बॅटरी हवी. काही वर्षांनी तिची क्षमता घटून ८० टक्क्यांवर येईल, तेव्हाही शेवटची फेरी निघायला हवी असेल तर आजच ४५० ची घ्यावी लागेल. किलोला ०.१५ युनिट धरलं तर ती तीन टनांची होते. मूळच्या ३०० युनिटच्या बॅटरीपेक्षा एक टन जास्त, म्हणजे साधारण पंधरा प्रवाशांचं वजन आपण रोज फुकट फिरवतो.

आणि डेपोकडे पाहा. शंभर बस गुणिले २८८ युनिट, त्यात चार्जिंगमधली दहा टक्के गळती धरली की ३२,००० युनिट. हे रात्रीच्या सहा तासांत द्यायचे तर सरासरी ५.३ मेगावॉट भार येतो. एवढ्या भारासाठी उच्चदाबाची स्वतंत्र जोडणी, उपकेंद्र, त्यासाठी जागा, हे सगळं आलं. तीच वीज दिवसाच्या सोळा तासांत पसरून दिली तर सरासरी भार २ मेगावॉट होतो.

यात आणखी एक गंमत आहे. वीज ग्राहकांच्या हक्कांबाबतच्या केंद्रीय नियमांत २०२३ साली बदल झाला आणि सौर तासांत, म्हणजे दिवसा, दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवण्याची तरतूद आली. 'रात्रीची वीज स्वस्त' हे आपण पाठ केलेलं वाक्य आता तपासून घ्यायला हवं. वीज स्वस्त असते तेव्हा आपल्या बस रस्त्यावर असतात, आणि बस डेपोत येतात तेव्हा सूर्य नसतो.

पर्याय दुसरा: टोकाला थोडं थोडं

एका बाजूच्या १५ किमीला २४ युनिट लागतात. टर्मिनसवर ३०० किलोवॉटचा चार्जर असेल तर मिनिटाला ५ युनिट, गळती वजा जाता साडेचार. म्हणजे साडेपाच मिनिटांचं काम. चालकाचा चहा होतो तेवढ्यात. बॅटरी १००-१५० युनिटची पुरते.

जिनिव्हा शहराने २३ क्रमांकाच्या मार्गावर याच्याही पुढची पद्धत वापरली. तिथे काही थांब्यांवर प्रवासी चढ-उतार करत असतानाच वरून ६०० किलोवॉटने पंधरा-वीस सेकंद चार्जिंग होतं.

कागदावर हा पर्याय सुंदर दिसतो. पण आपल्या टर्मिनसवर उभं राहून बघा. दर दहा मिनिटांनी बस असेल तर तासाला सहा बस, प्रत्येकीची सहा मिनिटं, म्हणजे चार्जर तासातली ३६ मिनिटंच व्यस्त. पुरतो ना? पुरतो, बस ठरल्या वेळी आल्या तर. प्रत्यक्षात पाऊण तास काहीच येत नाही आणि मग तीन बस एकामागोमाग येतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिसऱ्या बसला बारा मिनिटं थांबावं लागेल. ती आधीच उशिरा आलेली असते, त्यामुळे कंट्रोलर तिला चार्ज न करताच सोडून देईल. म्हणून इथे सरासरी काढून भागत नाही, बस येण्याच्या वेळांचं वितरण घ्यावं लागतं. तुमचा विषय संख्याशास्त्र किंवा ऑपरेशन्स रिसर्च असेल तर इथे एक अख्खा प्रबंध पडून आहे.

पर्याय तिसरा: तार आणि बॅटरी दोन्ही

हा पर्याय आपल्याकडच्या सिनॉप्सिसमध्ये जवळजवळ कधीच नसतो, म्हणून थोडं थांबून सांगते.

आमची बस ताशी १२.५ किमी चालते आणि किलोमीटरला १.६ युनिट खाते, म्हणजे सरासरी २० किलोवॉट. तारेखाली असताना ती १०० किलोवॉट घेऊ शकली तर २० चालायला जातील आणि ८० बॅटरीत. मग दिवसभराच्या वेळेपैकी फक्त २० टक्के वेळ तारेखाली असली तरी हिशेब जुळतो. गळती आणि राखीव धरून ३० टक्के म्हणू. १५ किमीपैकी साधारण साडेचार किमीवर तार. चौक, उड्डाणपूल, अरुंद गल्ल्या बॅटरीवर.

इथे लक्षात घ्या, मी 'अंतराच्या' नाही, 'वेळेच्या' ३० टक्के म्हणाले. तार सगळ्यात जास्त कोंडी होणाऱ्या पट्ट्यात टाकली तर अंतर आणखी कमी लागेल. पहिल्या पर्यायाला मारणारी कोंडी इथे मदतीला येते: बस तारेखाली अडकली तर चार्ज होत राहते. एकच परिस्थिती दोन पर्यायांवर उलट परिणाम करते, आणि तुलनात्मक अभ्यासात शोधायचं असतं ते हेच.

प्राग शहराने १९७२ मध्ये ट्रॉलीबस बंद केली होती. २०१७ मध्ये त्यांनी प्रोसेक भागातल्या चढावर पुन्हा तार टाकली आणि उरलेला मार्ग बॅटरीवर ठेवला. चढ म्हणजे सर्वात जास्त ऊर्जा लागणारा भाग, म्हणून तार तिथेच.

मग आपल्याकडे का नाही? दोन कारणं मांडते. पहिलं, तारेचा खर्च किलोमीटरला ठरलेला असतो, खालून तासाला दोन बस जावोत की वीस. त्यामुळे ती फक्त गर्दीच्या मार्गांवरच परवडते. शिवाय आपल्या रस्त्यांवर झाडं, मेट्रोचे पूल आणि वर्षातून एकदा विसर्जनाच्या उंच मूर्ती असतात. मिरवणुकीच्या मार्गावर कायमची तार हा प्रस्ताव कुठल्या नगरसेवकासमोर मांडून बघा!

दुसरं कारण तांत्रिक नाही. फेम-२ या केंद्राच्या योजनेत बससाठीचं अनुदान बॅटरीच्या क्षमतेवर होतं, युनिटला २०,००० रुपये, वर कमाल मर्यादा. म्हणजे बॅटरी मोठी तर, त्या मर्यादेपर्यंत, मदत जास्त. लहान बॅटरी आणि वर तार अशी रचना करणाऱ्या शहराला या सूत्रात कमी मिळालं असतं. मैदान सपाट नव्हतं हे नोंदवणं संशोधकाचं काम आहे. 'बाजाराने बॅटरी निवडली' असं लिहिण्याआधी अनुदानाचं सूत्र वाचा.

चौथा आणि पाचवा, थोडक्यात

मेट्रो आणि बस यांची तुलना बहुतेक वेळा चुकते, कारण दोघांचं काम वेगळं असतं. सत्तर प्रवाशांची बस दर दोन मिनिटांनी सोडली तरी एका दिशेला तासाला २,१०० माणसं होतात. मेट्रो आणि लोकल याच्या कितीतरी पट वाहतात. मागणी दहा हजारांची असेल तर अशी बस पुरत नाही, आणि दोन हजारांची असेल तर मेट्रो हा पर्याय नाही. आधी मार्गावरची मागणी सांगा, मग तुलना करा.

हायड्रोजनचं गणित साखळीचं आहे. विजेपासून वायू बनवताना समजा ६५ टक्के उरतं, दाबून भरताना त्यातलं ९० टक्के, आणि गाडीतल्या फ्युएल सेलमध्ये त्यातलं ५० टक्के. गुणाकार २९ टक्के. बॅटरीच्या रस्त्याने ८० टक्क्यांच्या आसपास पोचतं. म्हणजे त्याच फेऱ्यांसाठी जवळपास पावणेतीन पट वीज. लांब पल्ल्याच्या गाड्यांबद्दल वेगळी चर्चा होऊ शकते, शहराच्या बससाठी हा आकडा आधी पार करावा लागेल.

कार्बनचा हिशेब: इथे सगळे घाई करतात

'इलेक्ट्रिक बस म्हणजे शून्य उत्सर्जन' हे वाक्य बसच्या पाठीवर ठीक आहे, प्रबंधात नाही. आमच्या बसचे १.६ युनिट, गळतीसह १.७८. आपल्या ग्रिडवर युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे किलोमीटरला सव्वा किलो. त्याच कोंडीत एसी डिझेल बस लिटरला समजा २ किमी देते. लिटरमागे सुमारे २.७ किलो, म्हणजे किलोमीटरला १.३५ किलो. फरक फार नाही!

घाबरू नका, आणि बाजूही बदलू नका. हिशेबाची सीमा कुठे आखली ते बघा. विजेच्या बाजूला मी वीजकेंद्र धरलं, पण डिझेलच्या बाजूला तेलविहीर, जहाज आणि रिफायनरी सोडून दिली. वहनातली गळतीही अजून धरलेली नाही, ती विजेच्या विरुद्ध जाईल. बस दहा-बारा वर्षं धावेल, तेवढ्या काळात ग्रिड आजच्यासारखा राहणार नाही, डिझेल मात्र तसंच राहील. आणि थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात जाणारा धूर हा कार्बनपेक्षा वेगळा प्रश्न आहे. त्यात इलेक्ट्रिक आजच जिंकते. हे दोन्ही एका रकान्यात टाकू नका.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

तुलना लिहिण्याआधी या पाच प्रश्नांची उत्तरं कागदावर असू द्या.

१. कुठलं काम सगळ्या पर्यायांनी पुरं करायचं आहे? (वस्तू नाही, काम.)
२. कुठले खर्च अंतरावर, कुठले वेळेवर आणि कुठले संख्येवर अवलंबून आहेत?
३. सरासरी घेतली तर काय लपतं? सर्वात वाईट दिवशी काय होतं?
४. हिशेबाची सीमा दोन्ही बाजूंना सारखी आहे का?
५. एखाद्या पर्यायाला नियम किंवा अनुदान आधीच झुकतं माप देतंय का?

आणि एखादा गृहीत आकडा वीस टक्क्यांनी हलवून बघा. निष्कर्ष उलटला तर तो आकडा पुस्तकातून घेऊ नका, जाऊन मोजा. डेपोतली लॉगशीट, वाहकाचं वेबिल, किंवा नुसती वही आणि घड्याळ. माझ्या आठ महिन्यांच्या कामातली सर्वात उपयोगी माहिती तीन दिवसांत, टर्मिनसच्या चहाच्या टपरीवर मिळाली.

तुम्ही विचाराल, मग शेवटी कुठला पर्याय चांगला? माझ्या त्या एका मार्गासाठी सध्याचं उत्तर असं आहे: मध्यम बॅटरी, रात्री डेपोत आणि दुपारी गर्दी ओसरल्यावर टर्मिनसवर अर्धा-पाऊण तास चार्जिंग. दुपारची वीज स्वस्त, डेपोवरचा भार कमी, आणि बस उशिरा आली तर चार्जिंग पुढे ढकलायला जागा. दुसऱ्या मार्गावर उत्तर वेगळं येईल. सुधारलेल्या तक्त्यात मी आता एक जादा रकाना ठेवला आहे, 'शेवटची फेरी निघते का?' पुढच्या अहवालाला मॅडम सगळ्यात आधी तोच बघणार आहेत.

पुढच्या लेखात ही लॉगशीट डेपोतून कशी मागायची, अर्ज कुणाच्या नावे करायचा आणि मिळालेल्या आकड्यांतल्या चुका कशा ओळखायच्या, ते सांगते.